गजभिये मॅडमचा आकडा

मी पुण्यातल्या एका शोधसंस्थेत ग्रंथपाल होतो. संस्थेचं नाव देत नाही. दिलं तर हल्लीच्या संचालकांना वाटेल की हे त्यांच्याबद्दल आहे. ते एरवी फारसं वाचत नाहीत, पण स्वतःविषयी असलं तर शेवटपर्यंत वाचतात.

ग्रंथपाल म्हटलं की लोक विचारतात, वाचन खूप झालं असेल नाही? झालं, पण घरी. कामावर माझ्या वाट्याला आलं ते मोजणं. आमच्याकडे मेंदूवर, पेशींवर, किड्यांवर आणि काही काळ हरभऱ्यावर संशोधन चालायचं. शास्त्रज्ञ प्रयोग करतो, त्यावर लेख लिहितो, तो परदेशी नियतकालिकात छापून येतो. त्याला सगळे पेपर म्हणतात. पुढे जगात कुठेतरी दुसरा कोणी त्याच विषयावर लिहितो आणि शेवटी बारीक अक्षरात नोंदवतो की हे अमक्याने आधी दाखवलं आहे. ही नोंद म्हणजे सायटेशन. अशा नोंदी किती, त्यावरून शास्त्रज्ञाची जगात किती किंमत ते ठरतं, असं मानतात. बढती, पुरस्कार, परदेशवारी, सगळ्या फायलींत हा आकडा लागतो, आणि आमच्याकडे तो काढून देणारा माणूस मी.

सुरुवातीला ह्या नोंदींचे जाडजूड खंड बोटीने यायचे. पंचांगापेक्षा बारीक टाईप, कागद इतका पातळ की पान उलटताना मागचं-पुढचं एकदम दिसायचं. भिंग घेऊन बसावं लागे. मग डॉलर महागला तसे खंड बंद झाले, त्यांच्या जागी संगणकात घालायच्या चकत्या आल्या, आणि शेवटी इंटरनेट. जे काढायला मला आठवडा लागायचा ते कोणालाही चहा निवेपर्यंत काढता यायला लागलं. माझं काम सोपं झालं आणि शास्त्रज्ञांचं आयुष्य अवघड. आकडा काढायला कष्ट पडत होते तोवर लोक तो वर्षातून एकदा विचारायचे. आता रोज सकाळी पाहायला लागले, रक्तातली साखर पाहावी तसे.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एक कुलकर्णी होते. त्यांच्याच आडनावाचे, त्याच आद्याक्षरांचे दुसरे एक गृहस्थ पोलादाच्या गंजण्यावर लिहीत. त्यांचे पेपर ह्यांच्या खाती पडलेले मी वेगळे काढून दिले, तर हे नाराज. म्हणाले, "अहो देवस्थळी, मशिननेच दिलंय ना? तुम्ही कशाला मध्ये पडता?" दुसरा एक पाच-सहा जणांचा गट होता, वेगवेगळ्या गावांतला. ते एकमेकांच्या पेपरांचा उल्लेख न चुकता करत. हळदीकुंकवाला बायका एकमेकींना वाण देतात, तसं. कोणाच्या घरातलं काही वाढत नाही, पण सगळ्यांचे हात भरलेले दिसतात.

आणि एक डॉ. पानसे होते, निवृत्त. दर महिन्याला स्वारगेटहून बस बदलून यायचे, आपल्या एका जुन्या पेपरची कोणी दखल घेतली का ते पाहायला. वर्षानुवर्षं नाही. एकदा सापडली. पानसे वाचनकक्षात तो लेख घेऊन बसले, नंतर बाहेर जाऊन पेढे घेऊन आले. मी लेख चाळला होता. त्यात लिहिलं होतं की पानसे ह्यांचा निष्कर्ष आम्हाला पुन्हा मिळवता आला नाही. मी पेढा हातात घेऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "माहीत्ये मला काय लिहिलंय ते. चूक काढायला का होईना, कोणीतरी वाचलं."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

आमच्या तेव्हाच्या संचालकांचा आकडा संस्थेत सर्वांत मोठा. कारण साधं होतं. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेपरवर त्यांचं नाव असे. लग्नपत्रिकेत वर कुलदैवताचं नाव घालतात, कार्याशी दैवताचा थेट संबंध नसला तरी, तसाच हा प्रकार. मेंदू, किडे, हरभरा, सगळ्यावर त्यांची कृपा. नव्या पोरांना कोणी सांगावंही लागत नसे. पेपर टाईप करतानाच शेवटचं नाव आपोआप पडायचं.

ह्या रीतीला न जुमानणारी एकच व्यक्ती होती, मेंदू विभागातल्या डॉ. वत्सला गजभिये.

गजभिये मॅडम भंडाऱ्याकडच्या. नागपुरात शिकून पुण्याला आल्या आणि इथेच राहिल्या. लग्न केलं नाही. थोरली बहीण बरोबर असे. कर्वेनगरात दोन खोल्यांची जागा, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली प्रयोगांच्या फायली. बोलणं मोजकं. अंगात कायम बिनइस्त्रीचा पांढरा कोट, खिशात रुमालाऐवजी काचपट्ट्या. कॅन्टीनमध्ये कोणीतरी दबक्या आवाजात म्हणायचं, "त्यांचं काय, त्यांना सगळं सोपं असतं." असं म्हणणाऱ्यांत दोघं तरी मामाच्या ओळखीने लागलेले होते, पण ती सोय कोणी मोजत नसे.

मॅडमची एक पद्धत होती. विद्यार्थ्याच्या पेपरवर मार्गदर्शकाचं नाव असतंच, जगभर असतं. त्या आधी विचारायच्या, ह्यात माझ्या हाताने मी काय केलं? सूक्ष्मदर्शकाखाली बसून स्वतः काम केलं असेल तर नाव ठेवायचं. नुसती कल्पना सुचवली, मसुदा तपासला, तर पेन घेऊन स्वतःचं नाव खोडायचं. संचालकांचं तर त्या आधीच खोडून टाकत. विद्यार्थी गयावया करत, "मॅडम, नाव तरी राहू द्या."

संदर्भ नीट लावून देण्यासाठी सगळे पेपर माझ्याकडे येत, म्हणून हे मला दिसे. एकदा मी म्हणालो, "मॅडम, एवढं सोवळं कोणीच पाळत नाही."

त्या म्हणाल्या, "देवस्थळी, सोवळं हा शब्द तुमचा. माझं कारण वेगळं आहे. माझ्या नावाबद्दल लोक आधीच विचारतात, हे इथे कसं आलं म्हणून. त्यामुळे ते जिथे असेल तिथे मी काम केलेलंच असलं पाहिजे. तुम्हा लोकांना ही अट नाही. मला आहे."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यांचा अभ्यास उपासमारीवर होता. वाढत्या वयात पोटभर खायला मिळालं नाही तर मेंदूचं काय होतं, हा प्रश्न. उंदरांच्या पिल्लांचे दोन गट करायचे, एकाला पुरेसं द्यायचं, दुसऱ्याला कमी. मग मेंदूचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि पेशी मोजायच्या. हे मोजणं म्हणजे भाताच्या शेतात वाकून एकेक रोप मोजण्यासारखं. यंत्रं पुढे आली, तेव्हा नव्हती.

त्यांच्या हाताखाली प्रशांत होनराव नावाचा मुलगा होता. लातूरकडचा, हुशार, आणि इंग्रजीला घाबरणारा. ह्या प्रश्नाचा पहिला भाग त्याच्याकडे होता. नेमका मोजणीच्या वेळी तो काविळीने गावी जाऊन पडला. काप फार दिवस तसेच ठेवता येत नाहीत, रंग उतरतो. वाचनालयाच्या दारावर वाचकांची मोजदाद करायला आमच्याकडे हातात धरायचं एक यंत्र असे, दाबलं की टक्‌ आणि आकडा एकाने पुढे. मॅडम ते माझ्याकडून मागून घेऊन गेल्या. तो सबंध पावसाळा त्यांच्या खोलीवरून गेलं की टक्‌ टक्‌ ऐकू येई. यंत्र परत आलं तेव्हा त्याची कळ ढिली झालेली होती.

निष्कर्ष मोठा होता. उपाशी वाढलेल्या पिल्लांत मेंदूच्या एका भागात पेशी कमी राहतात, आणि नंतर कितीही खाऊ घातलं तरी ती तूट भरून येत नाही. पेपर माझ्याकडे आला तेव्हा वर दोन नावं होती, होनराव आणि गजभिये. ह्या वेळी त्यांच्या स्वतःच्या अटीतही ते नाव बसत होतं. आठवड्याने सुधारलेली प्रत आली, त्यावर एकच नाव.

मी प्रत घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. "मॅडम, हे तर तुम्ही स्वतः मोजलंय."

"मग?"

"मग नाव?"

"त्याला बाहेर जायचंय. दोन नावं असली की तिकडे धरून चालतात, डोकं बाईंचं आणि हमाली पोराची. एकट्याचं असलं तर घेतील त्याला. इथे राहिला तर तुमचे संचालक त्याला हरभऱ्यावर लावतील."

"पण तुमचं काम..."

"नाव घातल्याने पेशी वाढणार आहेत का? संदर्भ लावा तुम्ही."

होनराव अमेरिकेला गेला. जाताना माझ्याकडे आला, पाया पडायला वाकला, मी नको म्हणालो. "मॅडमचे उपकार सर, जन्मात फिटायचे नाहीत," म्हणाला. खरंच म्हणत होता. डोळे भरलेले होते.

मधली वर्षं शहराची घाईची होती. कोथरूडच्या सोसायट्यांत घराघरातून एकेक मुलगा संगणकात गेला. हिंजवडीकडे बसगाड्या भरून जायला लागल्या. आमचे चांगले विद्यार्थी पीएच.डी. अर्धवट टाकून तिकडे पळाले. संचालकांचे जावई एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्याकडून संचालकांना कामगिरी मोजण्याचं वेड लागलं. संस्थेत साठीला निवृत्ती असे, आणि ज्याचं काम चालू असेल त्याला सहज मुदतवाढ मिळे. आता ठरलं की मुदतवाढ आकड्यावर. अमुक इतकी सायटेशन्स असली तर पुढची दोन वर्षं, नाहीतर निरोपसमारंभ.

मॅडम साठीला आल्या तेव्हा त्यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग चालू होता. उपाशी वाढलेले मेंदू म्हातारपणी कसे वागतात? लवकर विसरायला लागतात का? ह्यासाठी उंदीर म्हातारे होऊ द्यावे लागतात, दुसरा मार्ग नाही. उंदराला म्हातारपण येतं अडीचाव्या वर्षी. त्यांचे उंदीर वर्षाचे झाले होते, मधल्या वयाचे. आणखी दीड वर्ष हवं होतं. त्यांना मुदतवाढीकडून पद नको होतं, केबिन नको होती. उंदीर म्हातारे होईपर्यंत त्यांच्या खोलीची किल्ली हवी होती, बस.

मी त्यांचा आकडा काढला. मर्यादेच्या पुष्कळ खाली होता. खोडलेली नावं कुठेच मोजली जात नाहीत. तोवर होनरावचा तो पेपर मात्र जगभर गाजला होता. संस्थेच्या इतिहासात सर्वाधिक उल्लेख झालेला पेपर तोच. संचालकांना ह्याचं फार दुःख, की त्यावर आपलं नाव नाही. मॅडमचं नाव त्यावर असतं तर एवढ्या एका पेपराने त्या मर्यादा ओलांडून पलीकडे गेल्या असत्या.

मी त्यांना तसं सांगितलं. म्हणालो, "होनराव मुदतवाढीच्या समितीवर येतोय. बाहेरचा तज्ज्ञ म्हणून. तो नुसतं एक वाक्य बोलला तरी..."

"त्याला काही सांगायचं नाही."

"अहो, पण त्याला माहीतच आहे."

"मग तुम्ही कशाला सांगायचं? आणि तुम्हीही तिथे तोंड उघडायचं नाही. मी तेव्हा खोडलं. आता गरज पडली म्हणून परत लिहायचं? शब्द द्या मला."

मी शब्द दिला. पण तो समितीपुढे न बोलण्याचा, असा सोयीचा अर्थ काढला, आणि होनराव आदल्या दिवशी वाचनालयात आला तेव्हा त्याला कोपऱ्यात बसवून सगळं सांगितलं. केस पांढरे झाले होते, इंग्रजीची भीती गेली होती. पण माझ्याशी तो जुन्या मराठीतच बोलला.

"मला माहीत नाही का सर? मी रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन आलोय. पण मी काय बोलू ते सांगा. मी म्हटलं की मोजणी मॅडमनी केली, तर तो पेपर खोटा ठरतो. आमच्याकडे आता नियम फार कडक झालेत. खोटं नाव घालणं जितका गुन्हा, तितकाच खरं नाव लपवणं. चौकशी लागेल. माझ्यावर लागेल, ते सोडा. पण लपवलं कुणी? मॅडमनीच. त्यांच्यावरही येईल. साठाव्या वर्षी. मुदतवाढ राहिली बाजूला, निवृत्तीच्या तोंडावर बाईंनी फसवणूक केली म्हणतील. आणि त्यांना तसं म्हणायला टपलेली माणसं इथे कमी आहेत का?"

हे खरं होतं. सोयीचंही होतं. दोन्हीपैकी त्याच्या मनात जास्त काय होतं, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यालाही कळत असेल असं वाटलं नाही.

समितीपुढे आकडे वाचून दाखवायला मला बोलावलं. लांब टेबल, मध्ये प्लॅस्टिकची फुलं, बिस्किटं. गजभियेंचा आकडा वाचल्यावर अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं.

"एवढाच?"

"एवढाच."

"इतक्या वर्षांत इतके विद्यार्थी झाले. त्यांचे पेपर?"

"त्यांवर ह्यांचं नाव नाही."

"का नाही?"

मी होनरावकडे पाहिलं. तो ग्लासात पाणी ओतून घेत होता. ग्लास भरला तरी त्याची नजर त्याच्यावरच होती. मी म्हणालो, "त्यांची तशी पद्धत आहे. स्वतः काम केलेलं नसेल तर नाव घालत नाहीत."

"म्हणजे मार्गदर्शनात सहभाग कमी," संचालक म्हणाले आणि लिहून घेतलं.

तेव्हा होनराव बोलला. म्हणाला, "त्या फार उत्तम शिक्षिका आहेत. माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्यांनी घडवलं."

मुलगी पाहून परतणारे लोक 'स्वभावाने चांगली आहे' म्हणतात, तेव्हा घरच्यांना जे कळायचं ते कळतं. शास्त्रज्ञाला उत्तम शिक्षक म्हणणं तसंच. अध्यक्षांनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. ते कुलकर्ण्यांचं होतं. त्यांना मिळाली मुदतवाढ, पोलादासकट.

समितीपुढे तरी मी दिलेला शब्द पाळला. पाळला नसता तर काय झालं असतं, हे मी अनेकदा मनात चालवून पाहिलंय. कुठल्याच बाजूने ते चांगलं संपत नाही.

मॅडमना निकाल मीच सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच विभागातल्या इतरांकडे गेल्या. स्वतःसाठी काही मागायला नाही. त्या खोलीची जबाबदारी कागदोपत्री दुसऱ्या कोणी घेतली तर उंदीर राहू शकत होते. त्यांनी बाहेरून येऊन सगळं केलं असतं. एक तरुण सहकारी मला पुढे सांगत होता. त्याने विचारलं, "मॅडम, ह्यातून पेपर किती निघतील?"

"एक."

"दीड वर्षात एक?"

"प्रश्न एकच आहे," मॅडम म्हणाल्या.

तो मुलगा वाईट नव्हता. त्याच्याही मानेवर आकडा होता. असे तिघं-चौघं नाही म्हणाले, प्रत्येकजण अतिशय नम्रपणे.

जबाबदार शास्त्रज्ञाशिवाय प्राणी ठेवता येत नाहीत, असा नियम आहे, आणि तो योग्यही आहे. मग त्यांना मारावं लागतं, आणि ते काम प्राणिगृहातले कर्मचारी करतात. मॅडमनी त्यांना करू दिलं नाही. रोज थोडे थोडे, स्वतः केलं, नीट भूल देऊन, आणि प्रत्येक मेंदू काढून जपून ठेवला. मी एकदा दारात गेलो, त्यांनी मान न वळवता सांगितलं, "आत येऊ नका, वास येतो." मी बाहेर उभा राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "हे मेंदू तरी कामाला येतील ना?"

"मध्यमवयीन आहेत सगळे. प्रश्न म्हातारपणाचा होता."

निरोपसमारंभाला संचालकांनी त्यांना शाल दिली आणि त्या मेंदूसारख्या गहन विषयात अखंड रमल्या असं सांगितलं. मॅडम उत्तराला उभ्या राहिल्या, "सर्वांची आभारी आहे," म्हणाल्या आणि बसल्या. आमच्याकडचं सर्वांत छोटं भाषण. त्यांच्या खोलीत महिन्याभरात संगणक आले, थंड हवेची सोय झाली, नारळ फुटला. मेंदूंच्या बरण्या तळघरात गेल्या. पुढे एका पावसात तळघरात पाणी शिरलं.

होनराव अमेरिकेतून त्यांना दर नववर्षाला फोन करी. एकदा त्याने मला फोन केला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, आणि मग म्हणाला, "सर, मॅडम माझ्याशी अगदी नेहमीसारखं बोलतात हो." मी म्हणालो, "मग चांगलं आहे की." तो म्हणाला, "नाही सर, चांगलं नाही." आणि फोन ठेवला.

मी निवृत्त झाल्यावर एका रविवारी मॅडमकडे गेलो. त्यांनी जेवायला बोलावलं होतं. थोरल्या बहिणीला मी आधी एक-दोनदा ओझरतं पाहिलं होतं. त्या दिवशी दार त्यांनीच उघडलं.

"या न जी. कोन आपन?"

"मी देवस्थळी. मॅडमच्या ऑफिसातला."

"बसा न. वच्छी येतेच आता." आत जाऊन पुन्हा बाहेर आल्या. "कोन आपन?"

मॅडम स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ताई, देवस्थळी आहेत. सांगितलं ना मघाशी."

जेवायला बसेपर्यंत ताईंनी मला आणखी दोनदा विचारलं. मॅडम दर वेळी त्याच आवाजात, न कंटाळता उत्तर देत होत्या. मी आपल्या संस्थेच्या गप्पा काढल्या. होनरावच्या पेपरचा विषय टाळत होतो, तर त्यांनीच विचारलं, "अजून उल्लेख होतात का त्याचे?"

"होतात. दोन-तीन देशांत लोकांनी तो प्रयोग परत करून पाहिला."

"आणि?"

"तेच आलं. तुमचे आकडे जवळजवळ तसेच्या तसे."

त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं, आणि त्या आनंदात होनराव कुठेच नव्हता, समिती नव्हती, त्यांचं स्वतःचं नावही नव्हतं. पावसाळाभर मोजलेलं चुकलं नव्हतं, एवढंच.

मग ताट वाढलं. वांग्याची भाजी, वरण, ज्वारीच्या भाकरी. ताईंनी आपल्या ताटातली भाकरी उचलली, मधोमध मोडली आणि त्यातली मोठी अर्धी मॅडमच्या ताटात टाकली. मॅडमच्या ताटात आधीच दोन होत्या.

"ताई, आहे मला."

"खाय न वं. मले भूक नाई."

मॅडमनी भाकरी परत केली नाही. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "रोजचं आहे. नाव विसरते, दिवस विसरते, गॅस विसरते. हे नाही विसरत. मी लहान असताना आमच्याकडे एक-दोन वर्षं फार वाईट गेली. ही असेल सात-आठ वर्षांची. आईने दोघींना सारखं वाढलं तरी ही आपल्यातलं मला द्यायची. मी वाढले, शिकले. हिचं साठीच्या आधीच सुरू झालं, हे विसरणं."

मी हातातला घास खाली ठेवला. "म्हणून तुम्ही हा विषय घेतलात?"

"विषय का घेतला हे पेपरात लिहायला जागा नसते, देवस्थळी."

"पण मग, हे त्यामुळेच झालं असेल का? तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ह्याला किंमत नाही. एका माणसावरून सांगता येत नाही. त्यासाठीच ते उंदीर म्हातारे व्हायला हवे होते."

"म्हणजे..."

"म्हणजे माहीत नाही. आता कळणारही नाही."

ताई मॅडमच्या ताटाकडे टक लावून बसल्या होत्या. मॅडमनी ती अर्धी भाकरी वरणात कुस्करली आणि सावकाश खाल्ली. ती संपेपर्यंत ताईंनी स्वतःच्या ताटाला हात लावला नाही.